अर्धी की एक?

सिंगापुरात आमच्या यिशुनच्या ब्लॉकमध्ये आठव्या मजल्यावर राहणाऱ्या काकूंनी कुणाला "हवं का?" असं विचारलेलं मी कधी ऐकलं नाही. पोळी वाढताना "अर्धी की एक?" चहा टाकताना "आल्याचा की साधा?" 'हवं का' म्हटलं की माणूस भिडेपोटी नको म्हणतो, हे त्यांचं ठाम मत. पाठीमागे आम्ही त्यांना 'अर्धी-की-एक काकू' म्हणायचो.

करोनाच्या लशीच्या वेळी घरोघरी जाऊन ज्येष्ठांना समजावणाऱ्या स्वयंसेवकांत त्या होत्या. माझे वडील, अण्णा, वय अठ्ठ्याहत्तर, त्यात मधुमेह, अडून बसले होते. मी आकड्यांचा माणूस. वयोगटवार तक्ता करून त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी त्यावर चष्मा ठेवला.

"या देशात कशालाही दंड आहे," बाही वर सारून ते म्हणाले, "हा दंड मात्र माझा!"

काकू आल्या. सोबत त्यांच्या गटाची प्रमुख, एक चिनी मुलगी. छापील कागदावर पहिलाच प्रश्न होता, लस का घेतली नाही? काकूंनी कागद पालथा घातला.

"आंटी, स्टिक टू द स्क्रिप्ट लाह!" मुलगी तिच्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली.

"का विचारलं की माणूस कारण शोधतो, आणि मग ते जन्मभर सांभाळतो," काकूंनी तिला इंग्रजीत ठणकावलं आणि अण्णांकडे वळल्या. "अण्णा, दंड दुखेल. तापही येईल कदाचित. खोटं सांगणार नाही. मंगळवारी जायचं की गुरुवारी?"

"आणि नाहीच गेलो तर?"

"तर मी पुन्हा येईन. चहा साधा चालेल."

अण्णा बराच वेळ कॅलेंडर बघत राहिले. "गुरुवारी. मंगळवारी माझा उपास."

लस घेऊन आले तेही ताठ मानेनं. "मला कुणी पटवलेलं नाही. वार मी निवडला." मी हे काकूंना सांगितलं.

"खरंच आहे," त्या म्हणाल्या. "मी नुसतं वाढलं."

गेल्या वर्षी काकू कायमच्या सांगलीला निघाल्या. लिफ्टपाशी अण्णांनी काठी टेकून विचारलं, "दिवाळीला येताय की संक्रांतीला?"

काकूंनी हातातली बॅग खाली ठेवली. मग म्हणाल्या, "संक्रांतीला."

त्यांचं वय, बदललेले दोन्ही गुडघे, मुलाची तिकडची नोकरी. सगळं मांडून पाहिलं, तर त्या येण्याची शक्यता जवळजवळ शून्य. परवा अण्णांना तसं सांगितलं.

"तुझा तक्ता राहू दे," ते म्हणाले. "तीळ आणायचेत. अर्धा किलो की एक?"