लाल गाडीचा दम

तीस वर्षं जहाजांच्या इंजिनरूममध्ये काढून मी रत्नागिरीला कायमचा परतलो, तेव्हा बायकोची अपेक्षा अगदी साधी होती. नवऱ्याने आता घरात बसावं आणि जमल्यास गप्प बसावं. मी त्याऐवजी पुण्याहून एक लाल, दोन माणसांची, जुनी स्पोर्ट्स कार घेऊन आलो. छप्पर माझ्या कमरेएवढं, इंजिन टर्बोचं आणि आवाज असा, की शेजाऱ्यांची खुडूक कोंबडी पहिल्याच दिवशी अंड्यांवरून उठली ती परत बसली नाही.

आमच्याकडे बोटीवरून निवृत्त झालेल्या प्रत्येकाला कॅप्टन म्हणतात. मी कॅप्टन नव्हतो, जहाजाच्या तळाशी तेलात हात घालणारा इंजिनियर होतो. हे सुरुवातीला मी लोकांना समजावून सांगत असे. लाल गाडी आल्यावर समजावणं बंद केलं.

थंडीचे चार महिने गाडी वाऱ्यासारखी पळाली. बायको शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेली, गुडघे थोडे कुरकुरणारे. गाडीत बसताना ती डोळे मिटायची आणि उतरताना मी तिला दोन्ही हातांनी वर ओढायचो. बाजारात लोक थांबून हे बघत. माझ्या मते ते गाडीकडे बघत होते.

मग मे महिना आला. चुलतभावाच्या मुलीचं लग्न पालीला, मुहूर्त दुपारी साडेबाराचा. पावणेबाराला निघालो. हवा अशी, की अंगातला शर्ट वाळत घालावा तर पिळूनच घालावा लागेल. बायको पैठणीत, एसी पूर्ण जोरात. पालीच्या अलीकडच्या चढाला मी ऐटीत पाय दाबला आणि काहीच झालं नाही. म्हणजे आवाज झाला, वेग झाला नाही. दम्याच्या पेशंटने जिना चढावा तशी गाडी चढू लागली. आधी आंब्याच्या पेट्यांचा टेम्पो पुढे गेला. मग एसटी गेली. शेवटी एक गृहस्थ स्कूटरवर मागे पाटा-वरवंटा बांधून आले, आमच्या बरोबरीने थोडा वेळ चालले, खिडकीतून वाकून बघितलं आणि पुढे गेले.

"अहो," बायको म्हणाली, "मी उतरून चालू का? अक्षता तरी मिळतील."

अक्षता हुकल्या. कार्यालयाच्या दारात मात्र गाडीभोवती मंडळी अशी जमली, की नवरदेवाचा फोटोग्राफर एकटा पडला. चुलतभाऊ मुलीचा बाप, त्याला त्या दिवशी शंभर कामं होती. तो सगळी सोडून आला.

"पेट्रोलात पाणी आहे रे," तो म्हणाला.

"दृष्ट लागलीय, दुसरं काय," त्याची सासू म्हणाली. "लाल रंग कशाला घ्यायचा मुळात?"

बँकेतून निवृत्त झालेले एक व्याही पुढे आले. त्यांनी बॉनेटला हात लावला, चटका बसल्यावर काढला आणि उष्माघात असं निदान जाहीर केलं. "हिला गारवा द्या. माणसाला देतो तसाच."

मी तीस वर्षं इंजिनं सांभाळलेला माणूस. मी हसायला हवं होतं. पण जेवणं झाल्यावर त्याच व्याह्यांच्या ओळखीने बाजारातल्या मासळीवाल्याकडून चुरलेल्या बर्फाचं एक पोतं आलं आणि ते बॉनेटवर पसरण्यात मी स्वतः पुढे होतो. बर्फ वितळून पाणी गाडीच्या तोंडावरून खाली गळत राहिलं. तासाभराने निघालो आणि काय सांगू, गाडी उडालीच! पहिले चार-पाच किलोमीटर मी टेम्पो, एसटी, सगळ्यांचे सूड घेतले. मग दम पुन्हा संपला. वास मात्र टिकला. पुढचा आठवडाभर आमच्या अंगणात आळीतली सात मांजरं गाडीला प्रदक्षिणा घालत होती. बायकोने पैठणी दोनदा वाऱ्यावर टाकली आणि माझ्याशी एकदाही बोलली नाही.

मग मी गाडी कोल्हापूरला एका मोठ्या वर्कशॉपमध्ये नेली. पहाटे निघालो, त्यामुळे आंबा घाट ती हसतखेळत चढली. तिथल्या टायवाल्या सल्लागाराने गाडीला संगणक जोडला आणि स्वतः एक फेरी मारून आला.

"सर, एकही फॉल्ट दाखवत नाही. आमच्याकडे तर मस्त पळते."

"आमच्याकडे दुपारी दम टाकते."

"ती दम टाकत नाही सर. हवा फार गरम झाली की कॉम्प्युटर मुद्दाम ताकद कमी करतो. गाडी स्वतःचं संरक्षण करते."

"कशापासून?"

त्याने कागदावरचा माझा पत्ता पाहिला. "रत्नागिरीपासून," तो म्हणाला.

हे उत्तर मला इतकं आवडलं, की मी दोन आठवडे तेच सगळ्यांना सांगत फिरलो. गाडीत दोष नाही, दोष हवेत आहे. दमट हवेत वाफ मिसळलेली, प्राणवायूला जागा कमी. तापलेली हवा विरळ. बिचारं इंजिन करणार काय? लोक मान डोलवत. कुणी विचारी, "मग टेम्पोला कसं चालतं हो कॅप्टन?" अशा लोकांशी मी विषय वाढवत नसे.

जूनच्या तोंडावर एका दुपारी मी ओटीवर बसून हेच व्याख्यान शेजाऱ्यांना देत होतो. बायको आत फणसाचे गरे काढत होती. हाताला तेल लावलेलं, त्यामुळे ती तशीच दारात आली.

"एक विचारू?" ती म्हणाली. शाळेत ज्या आवाजात ती शेवटच्या बाकाला उभं करायची, तो आवाज. "जहाजाच्या इंजिनाला टर्बो असतो का?"

"असतो तर. केवढा मोठा."

"आणि जहाजं रत्नागिरीपेक्षा गरम ठिकाणी जातात?"

"आखातात जातात. तिथल्या मानाने ही हवा म्हणजे महाबळेश्वर."

"मग तिथे इंजिनाची ताकद गेली, की तुम्ही काय करायचात? बर्फ मागवायचात?"

"छे! टर्बो हवा दाबतो, दाबली की ती तापते, म्हणून इंजिनात जाण्याआधी एका कूलरमधून थंड करतात. पहिलं काम म्हणजे तो कूलर उघडून साफ..."

वाक्य तिथेच राहिलं. शेजारी उठले, म्हणाले, "येतो, गाय सोडायचीय." त्यांच्याकडे गाय नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गाडीचं पुढचं तोंड सोडवलं. बायको खुर्ची घेऊन समोर बसली, चष्मा लावून. कूलर बरोबर तिथेच होता जिथे लग्नातल्या बर्फाचं पाणी गळत होतं. दिसत मात्र नव्हता. त्याच्या पत्र्यांमध्ये जांभ्याची लाल माती गच्च बसलेली, तिच्यावर आंब्याचा मोहोर, त्यावर हिवाळ्यातले किडे, असे ऋतूंप्रमाणे थर. आणि सगळ्याच्या पुढे एक मच्छरदाणीसारखी बारीक जाळी. रस्त्यावरचे खडे लागू नयेत म्हणून जानेवारीत मी स्वतः बसवलेली. अभिमानाने बसवलेली. तिच्यातून खडा सोडाच, हवाही जात नव्हती.

"ही कुणी बसवली?" बायकोने विचारलं.

मी पाण्याचा पाइप आणायला गेलो.

जाळी काढली, कूलर हलक्या धारेने धुतला, वाळवला. त्याच दुपारी, दोन वाजता, हट्टाने पालीपर्यंत जाऊन आलो. गाडी चढली. थंडीतल्यासारखी नाही, उन्हाळा थोडी ताकद खाणारच, ते टायवाल्याचं खरं होतं. एसी बंद केला की अजून बरी चढायची. पण घाम आला तरी लाज आली नाही. घरी आलो तर बायको म्हणाली, "झालं? आता मला वेळणेश्वरला न्या. नवस बोलले होते."

"गाडी बरी व्हावी म्हणून?"

"तुम्ही तिच्याबद्दल बोलणं थांबवावं म्हणून."

सोमवारी उजाडताच निघालो. जयगडपर्यंत गाडीने एकही चढ मानला नाही. तिथून खाडी ओलांडायला फेरीबोट. ओहोटी होती. बोटीचा लोखंडी उतार चांगलाच तिरका लागला होता. बोटीवरचा माणूस वाकून आमच्या गाडीचं पोट बघून आला.

"नाय चढायची ओ ही," तो म्हणाला. "तोंड घासेल. भरतीला या."

"इंजिनात भरपूर ताकद आहे," मी म्हणालो.

"असेल हो. पण पोट कुठे उचलणार?"

मागे रिक्षा आणि दोन टेम्पो हॉर्न वाजवत होते. मी गाडी बाजूला घेतली, कुलूप लावलं आणि आम्ही दोघं चालत बोटीवर चढलो. पलीकडे उतरल्यावर रिक्षा केली. रिक्षा प्रत्येक चढाला थांबते की काय असं वाटायचं, पण थांबली नाही. बायको ताठ बसली होती, दोन्ही पाय नीट खाली सोडून, आणि कित्येक महिन्यांत पहिल्यांदाच सबंध वाटभर बोलत होती. शाळेतल्या गोष्टी, बहिणीचं आजारपण, अंगणात लावायची सोनटक्क्याची रोपं. त्यातलं निम्मं मी पहिल्यांदाच ऐकत होतो.