दादांची बसऱ्याची वही

सोनाआजी आज सकाळी गेली. शेवटपर्यंत तिचा एकाही माणसावर भरवसा नव्हता.

सलाईन लावलं तर नर्सलाच म्हणाली, "औषध हाय का नुसतं पाणी, बराबर बघ." दूधवाला, डॉक्टर, मी, कुणालाच सूट नाही.

माझ्या आजोबांची ही धाकटी बहीण. माहेर टेंभुर्णीचं. तिचे वडील, आमचे दादा, पेंटर. जालन्याच्या एका मारवाडी शेठजींनी त्यांना दुकानाच्या पाट्या रंगवायला बसऱ्याला नेलं होतं. थेट इराकात!

येताना दादांनी एक जाड वही आणली. पानोपानी रंगीत चित्रं. खजुराची झाडं, होड्या, बंदरावरचे हमाल. खाली दोन ओळी, कुठं काय बघितलं, काय खाल्लं. बघायला अख्खं गाव लोटायचं.

मग निजामाच्या राजवटीची शेवटची वर्षं आली. जो तो दुसऱ्याकडं वाकड्या नजरेनं बघायला लागला.

पारावर कुजबुज सुरू. "पेंटर नकाशे काढून राह्यला म्हणं. वहीत पूल हाय, बंदर हाय."

चैत्रात कळलं, पोलिसांचा जमादार वहीची चौकशी करतोय.

दादांना उचलून नेतील! सोनाआजीनं वही फडक्यात बांधली आणि ज्वारीच्या पेवात टाकली. पेव म्हणजे जमिनीतलं धान्याचं कोठार. तोंड मातीनं लिंपलं की कित्येक महिने कुणी उघडत नाही.

श्रावणात जमादार दारात आला. एकटाच.

आजी तेव्हा लग्नाच्या वयाची पोरगी. दार अडवून उभी राहिली. "कसली वही? आमच्यात न्हाई."

तो ओट्यावर टेकला. "बेटी, माझा भाऊ बसऱ्याला गेल्ता, हमालीला. खत न्हाई, खबर न्हाई. अम्मी रोज विचारती. वहीत हमालांची तोंडं हायेत म्हणं. एकदा बघू दे."

आजीला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पेव उघडलं. त्या साली आत पाणी शिरलं होतं. वहीचा लगदा. पान सोडवावं तर नुसता रंग हाताला.

जमादार जायला उठला.

दादा म्हणाले, "बसा. तोंडं ध्यानात हायेत माझ्या."

कोरा कागद घेतला आणि एकेक हमाल काढायला लागले. जमादार नुसता मान हलवायचा, हा न्हाई, हा बी न्हाई. शेवटी एका चित्रावर त्याला रडूच फुटलं.

"हाच! बिलकुल हाच!"

चित्र छातीशी धरून गेला.

दादांची स्मरणशक्ती किती दांडगी होती, याची साक्ष म्हणून आमच्या घरात ही गोष्ट पोराटोरांना पाठ आहे.

मागच्या आठवड्यात आजीनं मला जवळ बोलावलं. आधी दार लावायला लावलं.

"त्ये शेवटचं चित्र काढताना दादा जमादाराकडंच बघत व्हते. त्याचंच नाक, त्याचेच डोळे. फकत उमर कमी केली. म्या बघितलं."

"मग बोलली का नाहीस?"

"त्याची माय घरी वाट बघत व्हती ना रे."

तिनं लगेच उशीखाली हात घालून किल्ल्या जागेवर आहेत का बघितलं.

जा आजी, बिनघोर जा. भरल्या डोळ्यांनी तुला शेवटचा नमस्कार.