अक्कांची कळ

फोन आला तेव्हा मी बीडमध्ये वजनकाट्यावर एका भंगारवाल्याशी भांडत होतो. त्याचं म्हणणं, लोखंडाला लागलेली माती हाही मालच. माझं म्हणणं, माती विकायची असेल तर शेत विक. भांडण रंगात आलं आणि कानाशी दूध संस्थेच्या नामदेवरावांचा आवाज आला, "भाऊ, अक्का गेल्या. सकाळी धार काढून आल्या, चहा मागितला, अन् चहा यायच्या आत…" पुढचं मी ऐकलं नाही. खोटं कशाला सांगू, पहिला विचार डोक्यात आला तो असा की माझा पाना त्यांच्याकडंच राहिला. दुसरा, की अक्कांशी चाललेला वाद अर्धवट राहिला. रडू तिसऱ्या नंबरला आलं, आणि तेही रागाचंच. भंगारवाल्याला म्हणालो, "घे बे, मोज मातीसकट." तो माझ्या तोंडाकडं पाहून इतका घाबरला, की त्यानं स्वतःच माती झाडून काढली.

अक्का म्हणजे सुभद्राबाई. लिंबागणेशच्या अलीकडच्या एका लहान गावात दूध संस्थेच्या चेअरमन होत्या. मी कडबा कुट्टीची मशीन बनवतो, म्हणजे जनावरांचा चारा बारीक कापायचं यंत्र. मूळचा शिरूर कासारकडचा. आईबाप दरसाल उसाला जायचे, मीही मिसरूड फुटायच्या आत कोयता धरला, तो टाकून वेल्डिंग शिकलो, आणि कुणाच्या बापाचा आधार न घेता शेड उभं केलं. जिल्ह्यात माझ्या मशीनला चांगलं नाव मिळावं एवढीच हाव होती. नाव मिळालं. लोक तिला 'रुसवी' म्हणतात. हे नाव पडलं ते अक्कांमुळं, आणि माणूस गेलं म्हणून ही तक्रार मी मागं घेणार नाही.

दुष्काळाचं साल होतं. संस्थेनं माळावर चारा छावणी लावली होती. लांबलांबून ट्रक भरून ऊस यायचा. आमच्याकडची माणसं जन्मभर दुसऱ्याच्या फडात जाऊन ऊस तोडतात. त्या साली ऊसच आमच्या दारात तुटायला आला, आणि तोही गुरांसाठी. अख्खा ऊस टाकला तर गुरं शेंडा खातात आणि बुडखा तुडवतात, म्हणून कुट्टी हवी. लाईट दिवसातून थोडाच वेळ, तेवढ्यात सगळ्या दावणींचा चारा कापून व्हायला पाहिजे. अडलेलं गिऱ्हाईक म्हणजे माझ्यासारख्याला देवच. मनात भाव पक्का करून टेम्पोत मशीन घालून गेलतो. अक्कांनी भाव विचारलाच नाही. कमरेवर हात ठेवून मशीनच्या तोंडात वाकून पाहिलं आणि म्हणाल्या, "हात गेला तर थांबती का?"

"अक्का, हात घालायचाच कावून?"

"घालत न्हाई रं कुणी. जातो." आणि मागं वळून त्यांनी हाक मारली, "कौसे, हिकडं ये गं जरा." कौसाबाई ही त्यांची धाकटी जाऊ. कुणाच्या तरी भाड्यानं आणलेल्या मशीननं तिचा उजवा हात मनगटापासून नेला होता. ती आली, डाव्या हातानं पदर सावरून उभी राहिली. अक्का म्हणाल्या, "काही न्हाई, जा." बस्स, एवढंच. मी उभ्या आयुष्यात भल्याभल्यांशी घासाघीस केली, पण भावाचा एक शब्द न काढता मला कुणी गप्प केलं असेल तर ते तिथं… टेम्पो तसाच माघारी आणला.

आता थोडं मशीनचं सांगतो, कारण पुढचं सगळं भांडण त्यावरच आहे. कुट्टीत एक मोठं चाक असतं, त्याला पाती. त्याच्या पुढं दोन दातेरी रूळ, चारा आत ओढणारे. लोक पात्याला भितात, पण हात पात्यापर्यंत नेतात ते रूळ. बांगडी, पदर, बोट, काहीही एकदा रुळात सापडलं की ते सोडत नाहीत. बाजूला दांडा असतो. तो पुढं ढकलला की रूळ आत ओढतात, मधी आणला की थांबतात, मागं ओढला की उलटे फिरून आतलं बाहेर टाकतात. पण ज्याचा हात सापडला, त्याला दांडा कुठला गावतोय?

त्याच सुमारास शहरातला मटणाचा एक कारखाना मोडीत निघाला. दुष्काळात लोकांनी मेंढरं विकायला काढली तेव्हा तो जोरात होता, मेंढरं संपली तसा बंद पडला. त्याच्या भंगारात मला मटणाचे काप करायची एक मोठी मशीन मिळाली, बोकडाची अख्खी मांडी घेणारी. रात्री झोपताना गिऱ्हाईक जसं डोक्यात घोळतं तशी ती माझ्या डोक्यात घोळली. गोल पातं एका जागी फिरतं आणि मटण ठेवायचा पाट त्याच्यापुढं मागंपुढं सरकतो. मोटर एकच, पण पाटाच्या वाटेत क्लच. क्लच म्हणजे काय, तर एकमेकीला चिकटलेल्या दोन ताटल्या आणि त्यांना दाबून धरणारी स्प्रिंग. पाट कशाला अडला की ताटल्या एकमेकीवर घसरतात. पातं फिरत राहतं, पाट जागेवर थांबतो. किती जोर लागल्यावर घसरायचं, ते एका नटावर. नट आवळला की क्लच हट्टी, सैल केला की नाजूक. मी तो क्लच काढला, घासून पुसून, नवं अस्तर लावून आमच्या रुळांच्या वाटेत बसवला. रुळात अडचण आली की रूळ थांबणार. जिल्ह्यात कुणाच्या मशीनला असं नव्हतं. आजही नाही.

छाती फुगवून छावणीत गेलो आणि तिथं माझ्या जिभेनं माझं वाटोळं केलं. माल विकताना चार शब्द वाढवून बोलायची सवय. म्हणालो, "अक्का, साधासुधा न्हाई, विलायती माल हाय. मटणाच्या मशीनचा!"

बाया दोन पावलं मागं सरल्या. व्हाइस चेअरमन नामदेवराव गळ्यातल्या माळेला हात लावून म्हणाले, "राम राम राम. गाईच्या तोंडचा घास मटणाच्या मशीनमधून? भाऊ, बाटवता काय आमची गुरं?" कुणी म्हणालं, दूध बाटेल. कुणी म्हणालं, दुधाचं राहू द्या, देवाला नैवेद्य कसा दाखवायचा? मी ओरडून सांगत होतो की क्लचला चारा शिवत सुद्धा नाही, तो डब्यात बंद असतो. ऐकतंय कोण! अक्का स्वतः माळकरी. मला वाटलं, झालं, दुसऱ्यांदा टेम्पो माघारी. पण त्यांनी एवढंच विचारलं, "धुतलं का रं?"

"आधी रॉकेलनं, मग डिझेलनं."

"मग झालं की. नामदेवराव, तुमी माळ घातली त्याच्या आदल्या आठवड्यात माझ्या मावसभावाच्या जावळाला किती वाट्या रस्सा वरपला? सांगू का समद्यांला?" बाया पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. अक्का घरी गेल्या, देव्हाऱ्यातली एक जुनी तुळशीची माळ घेऊन आल्या आणि मशीनच्या दांड्याला अडकवली. हळदीकुंकू लावलं. म्हणाल्या, "आजपासून हिनं सोडलं. माळ घातल्यावर मागचं कुणी काढायचं नसतंय." आणि मशीन माळकरी झाली. मला हसावं की रडावं कळेना. मी विलायती माल विकायला गेलतो, आणि त्याला दीक्षा देऊन परत आलो.

क्लच हा शब्द त्यांनी कधी घेतला नाही. "कळच ना ती? मग कळ म्हण की." इथपर्यंत ठीक होतं. पण त्या कळीनंच माझी कळ काढली. मी नट बेतानं आवळून दिला होता, उसाचं जाड कांडं ओढलं जाईल इतका. अक्कांनी तो सैल केला. मी चक्कर मारली की आवळायचो, माझी पाठ वळली की त्या सैल करायच्या. त्यासाठी त्यांनी माझ्या पेटीतला रिंग पाना ठेवून घेतला. माझा पाना! मागितला की म्हणायच्या, "देते की, पळून चाललेय का मी?" नट सैल म्हणजे कांडं आलं की रूळ थांबले, पेंढी वाकडी गेली की थांबले. लाईट जायची वेळ जवळ आलेली, गुरं हंबरतायत, आणि मशीन रुसून बसलेली. बायांनी कटकट केली की अक्का एकच म्हणायच्या, "कळ सोसा." मग दांडा मागं घ्यायचा, कांडं काढायचं, पुन्हा घालायचं.

मी कितीदा समजावलं. "अक्का, ऊस हातापेक्षा कडक असतो. हाताला थांबायची म्हणजे ती उसाला थांबणारच. मग काम कसं होणार?"

"न्हाई होणार लवकर. गुरं दम खातील. ऊस बी थांबंल. हात थांबत न्हाई."

हिशोबाला हिशोबानं भिडता येतं. ह्या बाईला कशानं भिडायचं?

नवी गिऱ्हाइकं मशीन बघायला छावणीतच येणार, कारण चालती मशीन तिथं. एकदा धारूरकडची मंडळी आली. मी नेमका तिथं होतो, पान खाऊन तयार. मशीन सुरू झाली आणि पहिल्याच कांड्याला थांबली. पाहुण्यांनी अक्कांना विचारलं, "कशी हाय?" मी डोळ्यांनी खुणावतोय, हात जोडतोय… अक्का अभिमानानं म्हणाल्या, "लई चांगली हाय. लई थांबती!" मंडळी चहा पिऊन गेली आणि दुसऱ्याची मशीन घेऊन धारूरला चढली. 'रुसवी' हे नाव त्यांनीच गावोगाव नेलं. मी त्या दिवशी अक्कांना नको ते बोललो. त्या शांतपणे म्हणाल्या, "तुझा राग बी रुळावानी हाय बघ. धरलं की सोडत न्हाई. एक कळ बसव त्याला."

आणि मग ते उपरण्याचं झालं. नामदेवरावांना घाई. लाईट जाणार म्हणून स्वतः चारा घालायला उभे राहिले, वाकले, आणि खांद्यावरचं उपरणं पेंढीबरोबर आत गेलं. गळ्याला वेढा होता. मी समोरच होतो. झेप घेऊन दांडा मागं ओढला, रूळ उलटे फिरले, उपरणं बाहेर आलं, नामदेवराव मटकन खाली बसले. गावभर झालं काय? अक्कांच्या कळीनं वाचवलं! अक्का म्हणाल्या, "तू हात घालायच्या आधीच थांबली हुती." मी म्हणालो, मी मागं ओढला म्हणून थांबली. पापणी लवायच्या आत घडलेलं, आम्हा दोघांशिवाय साक्षीदार एकटे नामदेवराव, आणि त्यांचे डोळे मिटलेले. यावर आम्ही छावणी उठेपर्यंत भांडलो, छावणी उठल्यावर भांडलो, मशीन संस्थेच्या गोठ्यात हलली तिथंही भांडलो. त्यांच्या नातेवाइकाच्या लग्नात, पंगतीत बसून भांडलो. भेटेल त्याला मी माझी बाजू सांगितली. शेवटच्या भेटीत अक्का दमलेल्या वाटल्या. मी नेहमीप्रमाणं विषय काढला तर म्हणाल्या, "तुझंच खरं. झालं? आता च्या पी." मी चहा न पिता निघालो. असं जिंकणं कुणाला पाहिजे होतं!

दिवसकार्य झाल्यावर नामदेवरावांचा निरोप आला. आता चेअरमन तेच. गोठ्यात गेलो तर मशीन जागेवर, दांड्याला माळ तशीच. अक्कांच्या गळ्यातली त्यांच्याबरोबर गेली, ही मागं राहिली. बाजूला खिळ्याला माझा पाना टांगलेला. नामदेवराव म्हणाले, "भाऊ, एवढा नट आवळून टाका. बाया कटाळल्या. आता कुणी सैल करायला न्हाई."

मी म्हणालो, "नामदेवराव, तुमच्या गळ्याशी आलं होतं ते विसरलात?"

"इसरतो कसा? पण तुमीच तर सांगत आलात समद्यांला. कळीनं न्हाई, तुमी दांडा ओढला म्हणून वाचलो. माझा तुमच्यावर इस्वास हाय."

इतक्या वर्षांत माझ्या बाजूनं बोलणारा पहिला माणूस. आणि त्याची मान धरून त्याला रुळात घालावं असं वाटलं! कौसाबाई गव्हाणीजवळ उभी होती. डाव्या हातात मक्याची पेंढी. ती मशीनकडं नाही, माझ्याकडं बघत होती. मी पाना काढला, नटाला लावला. नटाला तेल होतं. अक्का तेल घालायच्या, कारण सैल करायला सोपं जावं. पाना न लावता बोटानं फिरला असता तो.

मी जोर केल्यासारखं केलं. तोंड वाकडं केलं, एकदा 'हुंऽ' सुद्धा म्हणालो. मग म्हणालो, "गंजलाय. फिरत नाही. जबरदस्ती केली तर तुटंल."

नामदेवराव हे वाचतीलच. वाचू द्या. त्या दिवशी दांडा मी ओढला होता आणि वाचवलं ते दांड्यानंच, यात माझा शब्द आजही बदललेला नाही. फक्त तो ऐकून 'हूं' म्हणणाऱ्या माणसाशी मला काही देणंघेणं नाही. 'न्हाई' म्हणणारं माणूस पाहिजे होतं.

कौसाबाईनं बटण दाबलं. पेंढी आत गेली, आणि थोडी वाकडी गेली असेल… मशीन रुसली. नामदेवरावांनी कपाळाला हात लावला. कौसाबाई दांडा मागं घेत, कुणाकडं न बघता म्हणाली, "कळ सोसा."

मी पेटी उचलली. पाना माझा आहे, माझ्या पैशाचा आहे, आणि मी आजवर कुणाकडं एक वायसर सोडलेला नाही. तो होता त्याच खिळ्याला लावला आणि बाहेर पडलो.