पहिल्या कराराची अट

आमचं हेवी मेटलचं लेबल, म्हणजे रेकॉर्ड कंपनी, म्हणजे मी, माझा मित्र आणि दोहाजवळ अल रय्यानच्या माझ्या फ्लॅटमधलं एक कपाट. मी दोहाच्या मुशैरिब भागातल्या एका ऑफिसात, तो हॉस्पिटलच्या लॅबमध्ये. दोघंही वसईचे, पण ओळख झाली ती इथेच. गिटार मी वाजवायचो, गाणी तो लिहायचा आणि गायचा. ड्रम कॉम्प्युटरवर.

पहिली सीडी आम्हीच काढली. ती खपवायची कुठे, ते कळत नव्हतं. युरोपातल्या आमच्यासारख्याच छोट्या लेबलांना आमच्या सीड्या पाठवायचो, बदल्यात त्यांच्या यायच्या. दुकानांपर्यंत पोचायचं तर डिस्ट्रिब्यूटर हवा, आणि अनोळखी लेबलाला कुणी दारात उभं करत नाही. दुसऱ्या अल्बमचं रेकॉर्डिंग मी वर्षभर मेल करत राहिलो. शेवटी जर्मनीतल्या एका डिस्ट्रिब्यूटरचं उत्तर आलं. गिटार उत्तम, शब्द उत्तम, गायकाच्या आवाजात दम नाही. गायक बदला, रेकॉर्ड मी दुकानांत पोचवतो.

मी मित्राला फोन केला. "घेतोय म्हणाला," इतकंच सांगितलं.

तो ड्यूटी संपवून थेट माझ्या ऑफिसखाली आला आणि सिक्युरिटीवाल्यासमोर मला मिठी मारली.

त्याच आठवड्यात मी त्याचा आवाज काढून टाकून बाकीचं रेकॉर्डिंग पोलंडमधल्या एका गायकाला पाठवलं. चार दिवसांत सगळी गाणी गाऊन आली. चांगली गायली होती. ती ऐकताना मला वाईट वाटलं नाही, आणि हे सांगणंच आज जड जातं. नंतरचे तीन महिने आम्ही दर शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, चर्चमधल्या मिसानंतर भेटत होतो. तो कव्हरचं चित्र काढत होता. "माझं नाव किती मोठं ठेवू?" त्याने एकदा विचारलं. "हवं तेवढं ठेव," मी म्हणालो. छापायला देताना गायक म्हणून त्याचं नाव मी काढलं.

रेकॉर्ड आल्या तेव्हा एक घेऊन मी त्याच्या घरी गेलो. डिस्ट्रिब्यूटरला त्याच्या सहीचा कागदही हवा होता : या अल्बमवर आपला काही हक्क नाही, असा. तो माझ्या बॅगेत होता. त्याच्या बायकोने केक केला होता. त्याने कव्हरची मागची बाजू न बघताच रेकॉर्ड लावली, सात वर्षांच्या मुलीला जवळ घेतलं.

आवाज सुरू झाला. मुलगी त्याच्याकडे बघून म्हणाली, "डॅडी, दॅट्स नॉट यू."

"ऐकू दे," तो म्हणाला. एक पूर्ण बाजू त्याने उभ्यानेच ऐकली. मग मला विचारलं, "कधी ठरलं?"

"मार्चमध्ये."

"मार्चनंतर तू माझ्याकडून चौथं गाणं पुन्हा गाऊन घेतलंस."

"तुला संशय येऊ नये म्हणून."

त्याच्या बायकोने केकची ताटली माझ्यासमोरून उचलून आत नेली. तेव्हा निघायला हवं होतं. मी बॅगेतून कागद काढला.

"हेही आजच?"

"त्यांना आठवड्याभरात हवाय."

त्याने तो दोनदा वाचला. मी आडनाव चुकीचं टाइप केलं होतं. ते त्याने पेनाने नीट केलं आणि सही केली. लिफ्टपर्यंत कुणी आलं नाही.

रेकॉर्ड युरोपभरच्या दुकानांत गेल्या, पुढचा अल्बमही गेला. त्यानंतरचा मात्र डिस्ट्रिब्यूटरने दोन ओळींच्या मेलमध्ये नाकारला आणि लेबल बंद पडलं. तो पुन्हा गायला नाही, असं ऐकलं.

मागच्या महिन्यात सुपरमार्केटमध्ये आम्ही समोरासमोर आलो. टाळता येण्यासारखं नव्हतं.

"कसे आहात?" त्याने विचारलं.

इतकी वर्षं आमच्यात फक्त 'तू' होतं. मी म्हणालो, "बरा आहे. तुम्ही?"

"मजेत," तो म्हणाला आणि ट्रॉली ढकलत पुढे गेला.