उत्तर नाही, नऊ सेकंद

विमान अपघातांच्या चौकशी कार्यालयात तिसऱ्या मजल्यावर एक खिडकी नसलेली खोली आहे. भिंतींना जाड फळ्या, एक टेबल, कानाला लावायचा जड हेडफोन आणि पायाखाली पेडल. दाबलं की आवाज पुढे जातो, सोडलं की थांबतो. या खोलीत तिने तेवीस वर्षं काढली. वैमानिकांच्या कक्षातलं ध्वनिमुद्रण ऐकायचं आणि शब्दन् शब्द कागदावर उतरवायचा, हे तिचं काम. कार्यालयात तिला सगळे ‘बाई’ म्हणत.

कागदावर तीन रकाने असत: वेळ, बोलणारा, शब्द. तिसऱ्या रकान्यात तिने स्वतःच्या मनाने एक नोंद सुरू केली होती. कोणी काही विचारलं आणि समोरून प्रतिसाद आला नाही, तर ती कंसात लिहायची: ‘उत्तर नाही’, आणि पुढे सेकंद. नियमात असं कुठे नव्हतं. शेजारच्या खोलीतले तंत्रज्ञ हसत. “बाईंना न बोललेलंही ऐकू येतं. घरच्यांचं कठीण आहे!”

तिला ऐकू येत होतं ते निराळंच. विमान पडण्याआधी कोणी ओरडत नाही, हे तिला पहिल्या दोन-तीन वर्षांतच कळलं. सहवैमानिकाला धोका दिसलेला असतो. पण तो धोका सांगत नाही, सुचवतो. “सर, जरा ढग आहेत ना समोर?” मग गप्प बसतो. या ‘जरा’ने तिचा पिच्छा पुरवला. भाजी निवडताना, जिना चढताना, तो विनयशील, मेलेला आवाज कानाशी येई.

एका वर्षी एक विमान धावपट्टीच्या टोकावरून पुढे जाऊन चिखलात रुतलं. अकरा जण जखमी झाले, मेलं कोणी नाही. तिने लिहून काढलेला मजकूर असा होता.

सहवैमानिक: सर, जरा उंच आहोत का आपण?
(उत्तर नाही, नऊ सेकंद)
सहवैमानिक: वेगही थोडा...
कॅप्टन: बघतोय मी, बाळा.

या कॅप्टनला त्यांच्या विमान कंपनीत सगळे ‘मास्तर’ म्हणत. निम्मे वैमानिक त्यांच्या हाताखाली शिकलेले. उतरणं जमत नसेल तर ते सोडून पुन्हा वर जावं, तसं दोघांपैकी कोणीही म्हणू शकतो आणि त्याबद्दल कोणालाही जाब विचारला जाणार नाही, असं कंपनीच्या नियमपुस्तकात छापलेलं होतं. पुन्हा वर गेलेल्या कॅप्टनने भरायच्या फॉर्मवर मात्र सात प्रश्न होते. पहिलाच: ‘हे टाळता आलं नसतं का?’

चौकशी अधिकाऱ्यांनी तिचा कागद वाचला आणि कंसातल्या ओळीवर पेन ठेवलं. “बाई, झालेलं बोलणं लिहायचं. न झालेलं नाही.”

“हो सर, पण वाचणाऱ्याला जरा...”

त्यांनी मान वर केली. तिने वाक्य तिथेच सोडलं. त्यांनी ती ओळ खोडली, आणि तिच्या आधारावाचून पुढची-मागची वाक्यंही किरकोळ वाटू लागली, म्हणून तीही. अहवालात ओली धावपट्टी आणि पाठीमागून आलेला वारा ही दोन कारणं आली. मास्तर चार महिन्यांत पुन्हा उडू लागले. इतक्या वर्षांत इतरांच्या बोलण्यातला ‘जरा’ तिने अचूक टिपला होता. स्वतःचा त्या दिवशी तिला ऐकू आला नाही.

तिचा धाकटा भाऊ त्याच कंपनीत सहवैमानिक होता. एका सकाळी जेवणाच्या टेबलावर शर्टाला इस्त्री करता करता तो म्हणाला, “ताई, या आठवड्यात चार फेऱ्या मास्तरांबरोबर. त्यांची सही झाली की माझी कॅप्टनपदाची शिफारस गेलीच समज.”

तिने चहाचा कप खाली ठेवला. ध्वनिमुद्रणातला शब्दही बाहेर सांगायचा नाही, अशी लेखी शपथ तिने दिलेली होती.

“उंचावरून यायला लागलात तर काय म्हणशील?”

“झालं सुरू! आई, ही आपल्या घरात चहा उतू गेला तरी चौकशी समिती बसवेल.”

“बसवू दे,” आई आतून म्हणाली. “गॅस कोण चालू ठेवतं ते तरी बाहेर येईल.”

“सांग ना. काय म्हणशील?”

“म्हणेन, सर, जरा उंच वाटतंय.”

“जरा काढ.”

“सर, उंच वाटतंय.”

“वाटतंय काढ.”

“मग उरलं काय, डोंबल?”

“सर, उंच आहोत, परत वर जाऊ या.”

त्याने इस्त्री उभी करून ठेवली. “ताई, पहिल्यांदा विमान हातात घेतलं तेव्हा माझे हात कापत होते, आणि शेजारी ते होते. त्यांना असं तोंडावर म्हणू?”

पहिली फेरी करून तो दुपारी परतला, तेव्हा खुशीत होता. “काय हात आहे माणसाचा! बरेच उंच आलो होतो, वेगही जास्त होता; पण असं अलगद टेकवलं की प्रवाशांना पत्ता नाही.”

“तू काही म्हणालास?”

तो बुटांच्या नाड्या सोडू लागला. तिने घड्याळाकडे पाहिलं नाही. तिला त्याची गरज नसे. एका बुटाची नाडी सुटली, दुसऱ्याची सुटली. नऊ.

“म्हणणारच होतो,” तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती खालच्या मजल्यावर अधिकाऱ्यांच्या दारात उभी राहिली. हातात मूळ कागद होता आणि एक लेखी निवेदन. “सर, या चार ओळी अहवालात परत घालायच्या.”

“अहवाल बंद झालाय, बाई.”

“तो उघडा. तो अपुरा आहे. मी तो अपुरा राहू दिला.”

ते बोलेनात. एरवी अशा वेळी ती स्वतःच “राहू द्या सर” म्हणून मोकळी होत असे. या वेळी उभी राहिली. शेवटी त्यांनी हात पुढे करून निवेदन घेतलं. संध्याकाळपर्यंत चौकशी पुन्हा उघडली, ती संपेपर्यंत मास्तरांना उड्डाणावरून दूर केल्याचं पत्र निघालं, आणि उरलेल्या तीन फेऱ्या दुसऱ्या कॅप्टनकडे गेल्या.

सुधारित अहवाल दोन महिन्यांनी प्रसिद्ध झाला. मास्तरांच्या सहीवाचून शिफारस अडकली होती आणि मास्तरांना घरी बसवणाऱ्या बाईंचा भाऊ म्हणून वैमानिकांच्या विश्रांतिकक्षात त्याच्याशी कोणी धड बोलत नव्हतं. अहवाल हातात घेऊनच तो घरी आला.

“हे तुला आधीपासून माहीत होतं?”

“होतं.”

“तरी मला त्यांच्या शेजारी बसू दिलंस? इथे टेबलाशी बसून माझ्याकडून जरा काढ, वाटतंय काढ, करत राहिलीस? सरळ का नाही सांगितलंस, नको जाऊस म्हणून?”

“शपथ होती रे.”

“शपथ!” तो हसला. “माझ्या वेळेला तूही सुचवतच बसलीस, ताई.”

त्याने दुसऱ्या शहरात बदली मागून घेतली. आईशी तो बोलतो. ती दर रविवारी दुपारी त्याला फोन करते, आणि तो उचलतो, एवढं खरं. ती म्हणते, “मी बोलतेय. माझं चुकलं.” यात ‘जरा’ नसतो, ‘वाटतंय’ नसतं. पलीकडून त्याचा श्वास ऐकू येतो, मागे कुठेतरी पंखा फिरत असतो. आयुष्यभराच्या सवयीने तिच्या मनात आकडे सुरू होतात. चाळीस, पन्नास, कधी त्याहून अधिक. तो फोन ठेवेपर्यंत ती आपला फोन कानाशी धरून बसते.