नव्या कॅनमध्ये डिझेल

शेताच्या धुऱ्यावरच्या, बांधावरच्या जांभळांची वाईन आम्ही दोघी जावा दरवर्षी घालतो. साखर, मनुका मोठी जाऊ बघते, मुरवणं माझ्याकडे. आर्णीजवळच्या आमच्या गावात तिला वाईन कोणी म्हणत नाही, 'जांभळाचं पाणी' म्हणतात आणि मागून पितात.

त्या वर्षी जांभूळ इतकं लागलं की काचेच्या बरण्या पुरेनात. म्हणून मी पुसदला गेले. दुकानदारानं पुढे केलेल्या पातळ, रंगीत कॅन मी परत सारल्या. वर्षभर मुरायची वस्तू. पातळ प्लास्टिकमधून हवा शिरते आणि वाईनचा सिरका होतो. एकेक कॅन उलटी करून मी तळाशी त्रिकोणातला दोनचा आकडा, पक्क्या प्लास्टिकची खूण, शोधला, झाकणं उघडून वास घेतला.

"बाई, जावई पाहून राह्यल्या का?" दुकानदार म्हणाला. हसू दे. जाड, पांढऱ्या, अरुंद तोंडाच्या दोन कॅन आणल्या. गरम पाणी भरून ठेवलं, दुसऱ्या दिवशी चाखलं. प्लास्टिकची चव नव्हती. मग फेस पूर्ण थांबलेली वाईन गळ्यापर्यंत भरून झाकणं घट्ट लावली.

हिवाळ्यात आई आजारी पडली म्हणून मी राजूरला माहेरी गेले. परत आले तर मोठी जाऊ भरदुपारी खाटेवर, तोंड पांढरंफटक.

"काय झालं, बाई?"

"काई नाही व. सकाळी पोट दुखे म्हून जांभळाचं पाणी घेतलं घोटभर. तवापासून मळमळून राह्यलं, डोकं गरगरते."

मी कोठीत गेले. माझ्या कॅन नव्हत्या. त्यांच्या जागी कपाशीवर फवारायच्या औषधाच्या कॅन, लेबलं खरवडलेली, एकीच्या कोपऱ्यात जहराची लाल खूण उरलेली. झाकण उघडलं. जांभळाच्या वासाखालून तो उग्र वास नाकात घुसला. मी तशीच बाहेर धावले.

मोठे दीर अंगणात ट्रॅक्टर पुसत होते.

"भाऊजी, माह्या कॅन कुठं हायेत?"

"डिझेल आणाले नेल्या. मजबूत हायेत ना. ते पाणी दुसऱ्या कॅनीत टाकलं."

"औषधाच्या?"

"साबनानं धुतल्या म्या! दारूत काई राह्यते का?"

लग्न होऊन आल्यापासून मी त्यांच्यापुढे आवाज चढवला नव्हता. त्या दिवशी शेजारपाजारचे दारात आले इतकी ओरडले. फवारणीच्या दिवसांत विषबाधेनं दवाखान्यातल्या खाटा भरलेल्या यांनी स्वतः पाहिल्या आहेत. ते जहर प्लास्टिकमध्ये मुरतं, साबणानं निघत नाही, हे यांना सांगावं लागतं? "बायको पडली हाय तुमची! कायले पाहून राह्यले? गाडी काढा!"

दवाखान्याच्या वाटेवर ते काय म्हणाले? "डॉक्टरले दारूचं सांगू नको. लोक नावं ठेवतीन."

मी सगळं सांगितलं. लाल खुणेची कॅन पिशवीत घालून नेली होती, तीही समोर ठेवली. डॉक्टर त्यांच्यावर भडकले, तेव्हा पहिल्यांदा दीर खाली बघायला लागले. जाऊ वाचली. घोटभरच प्यायली होती म्हणून. पुढच्या दिवाळीला पाहुण्यांना वाटली असती तर?

जाऊ घरी आली त्या दिवशी मी ती सगळी वाईन उकिरड्यावर ओतली आणि गोठ्यातल्या औषधाच्या सगळ्या रिकाम्या कॅन अंगणात काढल्या. त्यातल्या एकीतून गडीमाणसं वावरात प्यायचं पाणी नेत होती, हेही तेव्हा कळलं. मी चुलीत सळई लाल केली आणि एकेका कॅनला भोकं पाडायला बसले.

"फवाऱ्याचं पाणी कशात नेऊ मंग?" दीर म्हणाले.

मी पुढची कॅन ओढली. जाऊ अजून अशक्त होती, तरी उठून आली, डोईवर पदर घेतला आणि माझ्यासमोर बसून कॅन धरू लागली.

"थे बिमार हाय, तिले उठव," दीर मला म्हणाले.

"मीच धरून राह्यली," जाऊ म्हणाली. "तुमी सरका तिकडं."

ते सरकले. पण अजून गावात सांगतात, सुनेनं चांगलं जांभळाचं पाणी उकिरड्यावर ओतलं. हे कानावर आलं की माझं डोकं आजही तापतं. चांगलं म्हणे!