मावशीच्या पापडांवरची राख

मित्रांनो, आज सकाळी सव्वानऊला आईसोबत मावशीला आणायला मलकापूर स्टेशनवर गेलो. आईला दमा आहे, म्हणूनच मी विजेची गाडी घेतली.

मावशीला घेऊन स्टेशनवरून निघताना आई तिला गाडी दाखवत कौतुकाने म्हणाली, “पाय वं, धूरच नाही.”

मावशी कोळशाच्या वीज केंद्राजवळ राहते. ती खोकत हसली. “तुह्या इथं नाही, आमच्या इथं निंगते. पापड वाळू टाकले तं राख पडते त्याच्यावर.”

“गप वं, पोराच्या गाडीले नावं ठेवू नको.”

मी म्हणालो, तो धूर धरूनही चांगल्या ॲव्हरेजच्या पेट्रोल गाडीपेक्षा एकूण कमीच होतो, असं वाचलंय.

“असंन बाबू. पन उरलेला सारा आमच्याच नाकात जाते ना?”

आता घरी पोचलोय, गाडी चार्जिंगला लावायची आहे आणि मावशी समोर दारातल्या ओट्यावरच बसली आहे. तुम्ही तिला काय सांगितलं असतं?